डावीकडे, खाली

पिस्तूल नेम धरला तिथे मारत नसेल, की बहुतेक लोक आधी साइटचा स्क्रू फिरवतात. थेट प्रोडक्शनवर कोड बदलणाऱ्याकडे आम्ही ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने माझ्या मामेबहिणीचे कोच या लोकांकडे बघतात.

मोहोळजवळच्या मळ्यात मामाने पत्र्याच्या शेडमध्ये 10 मीटर मोजून तिच्यासाठी रेंज केली आहे. भिंतीवर कोल्हापूरच्या राही सरनोबतचा फोटो, 2018च्या एशियन गेम्सच्या सुवर्णपदकासकट. बहीण उजव्या हाताने एअर पिस्तूल मारते. सेकंडहँड घेतलेल्या पिस्तुलाचे छरे दोन महिने डावीकडे, खाली जात होते. मामाचं मत, पिस्तूल बाद आहे. आजीचं मत, पोरीला जमत नाही, आता स्थळं बघा. नवीन पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात, आणि कांद्याच्या भावाबद्दल न बोललेलंच बरं. म्हणजे दोघांपैकी कुणीही बरोबर ठरलं तरी तिची नेमबाजी बंदच. मी घरून काम करायला गावी आलो होतो. ती म्हणाली, "दादा, नक्की काय बिघडलंय ते तरी शोधू या."

हा खेळ किती बारीक आहे ते आकड्यांत बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 33 सेंटिमीटर अंतर धरलं, तर साइट जुळवताना झालेली 1 मिलिमीटरची चूक टार्गेटवर 3 सेंटिमीटर होते. दहाचा छरा थेट सातात. मुलींनाही आता 60 शॉट मारावे लागतात, पूर्वी 40 होते.

मशीन खरंच दगा देऊ शकतं. टोकियोत, 2021मध्ये, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं. बरीच मिनिटं गेली आणि 575 गुणांवर ती बारावी आली, फायनल दोन गुणांनी हुकली. त्यामुळे मामाचा संशय अगदीच वेडा नव्हता.

तिने जुनी टार्गेट कार्डं जपून ठेवली होती, हे आमचं नशीब. लॉग असले की अर्धं काम होतं. साइट हललेली असेल तर छरे एका जागी गोळा होतात, फक्त जागा चुकते. इथे पहिले पाच-सहा छरे जवळजवळ मध्यात होते आणि पुढचे हळूहळू डावीकडे खाली पसरत गेले होते. साइटचा स्क्रू दमत नाही, माणूस दमतो.

तरी एकेक गोष्ट तपासली. स्क्रू घट्ट होते. छऱ्यांचा डबा बदलला, फरक नाही. शेडमध्ये उजेड एकाच बाजूने येत होता, म्हणून ट्यूब लावली, तरी फरक नाही. कोचनी वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून दहा छरे मारले, सगळे मध्यात. मग हातात धरून मारले, तेही चांगले. आजी बाजूलाच शेंगा निवडत होती. "बघ," म्हणाली. बहिणीचा चेहरा उतरला.

मग कोचनी पिस्तूल स्वतः भरून तिच्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि मध्येच एकदा छरा न घालताच दिलं. तिला माहीत नव्हतं. मी बाजूने मोबाइलवर स्लो मोशन घेत होतो. ट्रिगर सुटायच्या क्षणी नळी स्पष्टपणे खाली डावीकडे झुकली. बाकीची बोटं आवळली जात होती आणि ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचत होतं. टोकाने दाबलं की ट्रिगर सरळ मागे न येता डावीकडे ढकलला जातो.

बोट पोचत का नव्हतं? कोचनी तिचा तळवा आपल्या तळव्याला लावून बघितला. लाकडी ग्रिप मोठ्या हाताची होती, आधीच्या मालकाच्या मापाची. कोचचा हातही तेवढाच, म्हणून त्यांचे छरे मध्यात.

ट्रिगरचं पातं ॲलन कीने मागे घेतलं आणि वजन लावून तपासलं, कारण 500 ग्रॅमपेक्षा हलका ट्रिगर स्पर्धेत चालत नाही. ग्रिप मोहोळमधल्या सुताराकडे नेली. बंदुकीचं लाकूड म्हटल्यावर तो आधी नाहीच म्हणाला. मग तिला समोर बसवून, तिच्या हातात देऊन बघत, कानशीने दोन तास घासत राहिला. तीनशे रुपये घेतले.

आता छरे मध्यात बसतात. शेवटच्या पंधरा शॉट्सना अजून पसरतात, त्यावर ती रोज पाण्याची बाटली हातात धरून उभी राहते. आजी घड्याळ लावते.