दोष कुणाचा?

घरात कपबशी फुटली की पहिला प्रश्न निघतो तो 'कुणी फोडली?' हा. काचा कुणी वेचायच्या, हा प्रश्न नंतरचा! युद्धाचेही तसेच आहे. कौरव-पांडवांच्या युद्धाला दुर्योधन कारणीभूत की धृतराष्ट्राचे आंधळे पुत्रप्रेम? १७६१ साली पानिपतावर चुकले कोण, सदाशिवरावभाऊ की मल्हारराव? अशा वादात रंगलेल्या मराठी माणसाला ताटातली भाकरी गार झाल्याचेही भान राहत नाही.

आम्हा लातूरकरांना मात्र या वादासाठी कुरुक्षेत्रापर्यंत जावे लागत नाही. आमचे युद्ध घरचेच आहे. त्याला सारे 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. पण १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गाच्या रोखाने जे आले ते काही पोलीस नव्हते. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालचे ते रणगाड्यांसह आलेले सैन्य होते. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. लढाई पाचच दिवसांची, पण आमच्या आजोबांचे सारे पंचांगच तिच्यावर बेतलेले आहे. वय विचारले तर ते सन सांगत नाहीत. "रझाकाराच्या धामधुमीत मी सात वर्साचा व्हतो बघ," एवढेच म्हणतात.

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की गंजगोलाईजवळच्या चहाच्या टपरीवर आम्हा मित्रमंडळींचा फड जमतो आणि हा खटला पुन्हा उभा राहतो. एकजण म्हणतो, सारा दोष निजामाचा. जून १९४७ मध्ये 'भारतातही नाही, पाकिस्तानातही नाही' असा पवित्रा त्यांनी घेतलाच कशाला? दुसरा म्हणतो, म्हातारा निजाम एक वेळ वळला असता, पण कासीम रझवीने त्याला वळू दिले नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ करारासाठी दिल्लीला निघण्याच्या बेतात असता रझवीच्या लोकांनी त्या मंडळींची घरेच वेढली, हा त्याचा हुकमाचा पुरावा. तिसरा भारत सरकारवर घसरतो. नोव्हेंबर १९४७ मध्ये वर्षभराचा 'जैसे थे' करार केला होता ना, मग वर्ष भरण्याआधीच फौज का घातली? त्यावर पहिला उसळून म्हणतो, "अन् तोवर रझाकारांनी गावंच्या गावं लुटली ती? लोकांनी काय करार वाचत बसायचं होतं?"

मीही या वादात हिरिरीने उतरतो. माझे मत पहिल्या दोघांकडे झुकते. ज्याच्या हाती निर्णयाची सत्ता, त्याच्या पदरी दोष, हा माझा साधा हिशेब आहे. आणि हैदराबादेत ती सत्ता निजामाच्या हाती होती व दहशत रझवीच्या.

पण गेल्या वर्षी वाद ऐन भरात असताना एकाने आमच्या एका मुसलमान वर्गमित्राकडे वळून विचारले, "तुमच्या रझवीनं असं का केलं रे?" टपरीवर क्षणभर शांतता पसरली. तो शांतपणे म्हणाला, "माझा कसला आलाय रझवी? माझा पणजा कापूस पिंजायचा."

या उत्तराने माझी झोप उडवली. रझवी याच लातुरात वकिली करीत होता, हे खरे. मग लातूरच्या नात्याने तो आम्हा सर्वांचाच झाला. एकट्या त्या मित्राचा कसा? उलट, हैदराबादेत 'इमरोज' पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालवली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठी प्राण दिले. ते कुणाचे? त्यांचे नाव आमच्या टपरीवर कधी निघाले नव्हते.

दोष एकाचा आणि हिशेब चुकता करायचा दुसऱ्याकडून, असे झाले की काय होते, हे या शहराने पाहिले आहे. पोलीस ॲक्शननंतर भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल व त्यांचे सहकारी या मुलखात हिंडले. त्यांचा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नव्हता. रझाकारांचे अत्याचार त्यांनी झाकून ठेवले नाहीत. पण नंतरच्या सूडात, सावधपणे धरले तरी, संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली, असा अंदाज त्यांनी दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आपल्या लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे त्यांना गावात आढळली. हजारावर मारली गेली होती, बाकीची जीव घेऊन पळाली होती. यातल्या किती जणांना निजामाने सल्ला विचारला होता? किती जणांनी रझवीला 'घरे वेढ' म्हणून सांगितले होते?

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचवले आणि त्या पायी स्वतःचे प्राणही गमावले. युद्ध कुणामुळे झाले, हे त्या विणकरांना ठाऊक असेल-नसेल. पण शेजारच्या मागावर बसणाऱ्यामुळे ते झालेले नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

कुणी म्हणेल, मग जुनी मढी उकरायचीच कशाला? मला हे पटत नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले ते एका जुलमी राजवटीशी. त्या जुलमाचे नाव घेतलेच पाहिजे. रझाकारांच्या हातून मेलेल्यांचा विसर पडू देणे हा अन्याय आहे, आणि नंतर मेलेल्यांविषयी मौन पाळणे हाही अन्यायच. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. 'आधी त्यांनी केले' हे कारण झाले, समर्थन नव्हे.

तेव्हा वाद जरूर घालावा, कडाडून घालावा. फक्त बोट दाखवताना ते नेमके दाखवावे: अमक्या दिवशी, अमक्या माणसाने, अमका निर्णय घेतला. नाव, तारीख आणि कृत्य, या तीन गोष्टी सांगता आल्या तर तो न्याय. त्या सुटल्या आणि नुसते 'तुम्ही' उरले, की समोरचा कापूस पिंजणाराही आपल्याला आरोपी दिसू लागतो.