उतरवावा की राखावा?

आमचा पुतण्या पैठणहून संभाजीनगरास महाविद्यालयात गेला आणि कबड्डीच्या संघात निवडला गेला. प्रशिक्षकांनी विचारले, ‘अंग अजून कोवळे आहे, पहिले वर्ष नुसत्या सरावास ठेवू का?’ अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलात नवख्यास असे राखतात. पण तेथे ते वर्ष खेळाडूच्या खात्यात शिल्लक राहते. येथे गेलेले वर्ष गेलेच, असे वहिनींचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हे.

आम्हांस मात्र सचिन तेंडुलकर आठवला. १९८७ साली तो मुंबईच्या रणजी चमूत आला. त्या हंगामात सामना एकही मिळाला नाही, बदली क्षेत्ररक्षक म्हणून तेवढा धावला. डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध पदार्पणातच नाबाद शतक!

आम्ही कळविले : सामन्यांस सोबत न्यावे, मैदानात तूर्त उतरवू नये. वहिनी अद्याप आमच्याशी धड बोलत नाहीत.