दोन पाण्यांची गाठ

पैठणला समुद्र नाही, पण गोदावरीला थोपवणारं पाणी आहे. नाथसागर हा इथल्या धरणाचा जलाशय १५२२ फुटांपर्यंत भरला की त्याचा फुगवटा कायगाव टोक्यापर्यंत पोचतो. तेव्हा नाशिक-नगरकडून लोंढा आला तर त्याला पुढे उतार मिळत नाही आणि पाणी काठ चढू लागतं. कोकणात हेच काम भरती करते. म्हणून पुराचा हिशेब करताना पैठणात बसूनही मला चिपळूण जवळचं वाटतं.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. त्याच वेळी मोठी भरती असण्याची शक्यता वेगळी काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा, की उत्तर अगदी लहान येतं. कागदावर दिलासा देणाऱ्या या उत्तराची मला भीती वाटते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण पावसावर अवलंबून नाही, तेवढ्यापुरता गुणाकार बरोबर. पण ज्या वादळी हवेने घाटावर ढग आणले, तिचाच वारा समुद्र किनाऱ्याकडे लोटतो आणि खाडी फुगवतो. कारण एकच असेल तर गुणाकार धोका लपवतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं तेव्हा गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाची वेळ, तोंडावर आली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचं पाणी भरतीने अडवलं.

पैठणलाही तसंच. ज्या पावसाने नाथसागर भरतो, त्यानेच वरची जमीन भिजलेली आणि वरची धरणं काठोकाठ असतात. ऑगस्ट २००६ मध्ये इथून सुमारे अडीच लाख क्युसेक विसर्ग झाला आणि शहरात पाणी शिरलं. फरक एवढाच, की भरती सहा-साडेसहा तासांत ओसरते. इथले धरणाचे सत्तावीस दरवाजे मात्र माणसाने ठरवल्यावर उघडतात, आणि तहानलेल्या मराठवाड्यात पाणी आधीच सोडून द्यायला मन धजत नाही. मला तरी हा निर्णय कोणत्याही आकडेमोडीपेक्षा कठीण वाटतो.

खाडीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखताना नदीची पातळी, पाऊस आणि समुद्राची उंची तासागणिक एकत्र तपासली पाहिजे. जुन्या नोंदी अपुऱ्या असतात, तिथे लोकांच्या भिंती उपयोगी पडतात. तुमच्या घरावर २००५ किंवा २०२१ च्या पुराची खूण असेल, तर रंग देण्याआधी तिची जमिनीपासूनची उंची मोजा आणि पाणी किती वाजता तिथे पोचलं ते लिहून ठेवा.