दुसऱ्या मात्रेवर

बाखच्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रल सुइटमधला साराबांद मी व्हायोलिनवर पहिल्यांदा वाजवला तेव्हा तो इतका संथ घेतला, की चेलो वाजवणाऱ्या मैत्रिणीने मधेच गज खाली ठेवला. "हा नाच आहे ना? मग पाऊल कुठे पडतंय?" मला उत्तर देता आलं नाही. बी मायनर म्हणजे दुःख आणि दुःख म्हणजे विलंबित, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

घरी येऊन क्वान्झ उघडला. हा प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकचा बासरीशिक्षक. १७५२च्या आपल्या ग्रंथात तो लय नाडीवर मोजायला सांगतो: मिनिटाला सुमारे ८० ठोके, आणि साराबांदची एक मात्रा म्हणजे एक ठोका. मी तर ४०च्या आसपास रेंगाळत होतो! ८०वर वाजवून पाहिलं तेव्हा दम लागला. मला ती लय आजही पेलत नाही. पण संथपणाचा हट्ट त्या रात्री सुटला.

साराबांद तीन मात्रांचा, आणि त्याचं वजन बहुतेकदा दुसरीवर. आपला कान समेची वाट पाहत वाढलेला, पहिल्या मात्रेवर येऊन विसावणारा. इथे पहिलीवर पाऊल टाकायचं आणि दुसरीवर तोल सांभाळत थांबायचं. लय फार ओढली की तिन्ही मात्रा सुट्या होतात आणि थांबणं थांबणं राहत नाही, नुसता उशीर होतो. हाच नाच स्पेनमध्ये इतका उच्छृंखल मानला गेला होता, की १५८३मध्ये त्यावर बंदी आली. फ्रेंच दरबाराने त्याला धीरगंभीर केलं, पण त्याची कंबर काही मोडली नाही.

मग बी मायनरचं काय? ते मला हातांनी शिकवलं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. बी त्यांत नाही. ज्या एफ शार्पच्या स्वरमेळातून घरी परतायचं, त्यातला एकही स्वर मोकळ्या तारेवर नाही. तार झंकारत नाही, आवाज आतल्या आत राहतो. त्या काळच्या एका चावीच्या लाकडी बासरीवर ए शार्प आडव्या बोटांनी काढावा लागे, तोही झाकोळलेलाच. मूळ रचना ए मायनरमध्ये, व्हायोलिनसाठी असावी, असं काही अभ्यासक मानतात. मी तसं वाजवून पाहिलं. ए आणि ई या मोकळ्या तारा लगेच बोलू लागल्या, खोलीत उजेड आल्यासारखं झालं. स्वरांमधली अंतरं तीच, चाल तीच, पण ती व्यथा निघून गेली होती. म्हणजे दुःख स्वरातच होतं. त्यासाठी लय ओढायची गरजच नव्हती.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र स्वरलिपीत होतं. वर बासरी आणि पहिली व्हायोलिनं जी धून वाजवतात, तीच बास, म्हणजे चेलो, मागून, पंचमाच्या अंतराने खालून म्हणत येतो. मी ओढत होतो ती धून मैत्रिणीलाही चालायची होती, तेही जाड तारांवर, जड गजाने. मी तिच्या वाटेत उभा होतो.

आता मी ६०च्या जवळपास घेतो आणि सुरुवात तिच्या श्वासावर करतो. तुम्ही हा साराबांद ऐकाल तेव्हा एकदा बासरी सोडून द्या, फक्त चेलोकडे कान ठेवा.