टायर, रिम आणि बाबांचा खांदा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे काय झालं म्हणाल, तर जीपचे टायर. हसू नका. चार गोल काळ्या गोष्टी विकत घ्यायला मला तीन महिने लागले, आणि त्यात माझा पाच-सहा वर्षांचा एक गैरसमजही उतरला.

नात्यातल्या लोकांना आमची जीप माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. महिंद्रा एमएम 540, 1992 ची, प्यूजो डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग वगैरे भानगड नाही. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या घरासमोर उभी असते. बाबांनी तिच्यातून कांदा नेलाय, वऱ्हाड नेलंय, आणि धाकट्या आत्याला बाळंतपणासाठी भर पावसात नारायणगावला पोचवलंय. (आत्या, तो किस्सा तू कमेंटमध्ये पूर्ण कर.)

2019 मध्ये मला हुक्की आली. इंटरनेटवर रुंद टायरांच्या जीपा बघून बघून डोकं फिरलेलं. एकाकडून सेकंडहँड सेट मिळाला, 31 बाय 10.5, रिम 15 इंची, आठ इंच रुंद. घातला. जीप अशी काही दिसायला लागली की बस! फोटो टाकला तेव्हा तुम्हीच वा वा केली होतीत. बाबा एकदा फिरून बघत होते. "दिसतेय बरी," एवढंच म्हणाले.

त्यानंतर वर्षभरात बाबांनी जीप चालवणं सोडलं. मी म्हटलं, सत्तरी आली, वयच झालं. दादा म्हणाला, आता विकून टाकू. मी दर दिवाळीला जायचो, बॅटरी लावायचो, दोन चकरा मारायचो, परत झाकून ठेवायचो.

गेल्या दिवाळीला बघतो तर टायरांच्या बाजूला नखभर भेगा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं 1114. म्हणजे 2014 सालचा अकरावा आठवडा. मी घेतले तेव्हाच पाच वर्षांचे होते, आणि मी शहाणा फक्त नक्षी किती शिल्लक आहे ते बघत होतो. रबर नक्षीसाठी थांबत नाही.

नवे घ्यायचे म्हणून परत तसलेच शोधायला लागलो. आई भाकरी थापत होती. तव्याकडे बघतच म्हणाली, "पुन्हा तसलेच जाड आणणार का? त्यांचा खांदा त्यानंच गेला ना."

"कुणाचा खांदा?"

"मग पेपर आणायला चालत का जातात ते? फाट्यापर्यंत?"

मला खरंच माहीत नव्हतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायला त्यांना दोन्ही हातांनी लोंबकळावं लागायचं. बाबांनी मला एकदाही सांगितलं नाही. हौसेनं घातलेत पोरानं, मग काय बोलायचं.

त्या दुपारी मी गोठ्याच्या माळ्यावर चढलो. मूळचे रिम तिथेच होते, पाचही, गोणपाटात, ऑइल चोळून. मी भंगारात टाका म्हणालो होतो ते त्यांनी टाकले नव्हते. एकावर तर जुना टायरही होता. मग नीट मापं घ्यायला बसलो. हे 2019 मध्येच करायला हवं होतं.

आधी बोल्टचं वर्तुळ, ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात. पाच बोल्ट असले की समोरासमोर बोल्ट येत नाही, त्यामुळे सरळ मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर घ्यायचं आणि 1.701 नं गुणायचं. आमचं आलं 82 मिलिमीटर, म्हणजे 139.5. हे जुनं जीपचं 139.7, साडेपाच इंच. जिप्सीचंही तेच आहे. पण पाच बोल्ट दिसले म्हणून बसेलच असं नाही, मधलं भोकही हबवर जायला हवं आणि नटची तिरकी बैठक रिमच्या खाचेशी जुळायला हवी.

मग उंची. जुना टायर 6.00-16. सुतळी गुंडाळली, 225 सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे 716 मिलिमीटर. आणि माझे दिमाखदार? 787! दहा टक्के मोठे. म्हणजे काट्यावर 60 दिसताना गाडी 66 नं जात होती, आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्येही इंजिन का रडायचं तेही कळलं. मी बिचाऱ्या इंजेक्टरला शिव्या घालत होतो.

पण खांद्याचा खरा गुन्हेगार रुंदी आणि ऑफसेट. रिमची मधली बैठक हबला कुठे टेकते, त्यावर चाक आत जाणार की बाहेर ते ठरतं. माझे रिम चाकाला मडगार्डच्या बाहेर चार बोटं काढून उभे होते. चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्यापासून रबर जितकं लांब, तितकं ते वळताना जमिनीवर फरफटतं. त्यात दहा इंच रुंद पट्टा. बेअरिंगवर भार पडतो तो वेगळाच.

नारायणगावला एका दुकानात गेलो. 6.00-16 आहे का विचारलं, तर त्यानं आनंदानं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर काढला. "साईज तीच आहे दादा." साईज तीच आहे हे खरं. पण त्या टायरची वेगमर्यादाच शेताची, हायवेची नाही. मी नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं.

जीपचे अरुंद 6.00-16 अजून मिळतात, आणि खरं सांगतो, बाबांचा कल तिकडेच होता. त्यांचं म्हणणं, चिखलात अरुंद टायर वरचा लगदा कापून खालची कडक जमीन धरतो, रुंद नुसता तरंगतो. आमच्या काळ्या मातीत ते बरोबरच आहे. पण तो जुन्या पद्धतीचा आडव्या-तिडव्या धाग्यांचा टायर डांबरावर भरकटतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना रेडिअलइतका भरवशाचा नाही. खांदा दुखणारा सत्तरीचा माणूस पावसात ब्रेक मारतोय, हे चित्र मला चिखलापेक्षा मोठं वाटलं. यावर आमचं चांगलं दोन दिवस वाजलं.

शेवटी 215/75 आर 15 घेतला. व्यास 703, मूळच्यापेक्षा दोन टक्क्यांहूनही कमी फरक. भारांक 100, म्हणजे एका टायरला 800 किलो, आमच्या जीपला भरपूर. रिम पत्र्याचेच, सहा इंच रुंद. माळ्यावरचा जुना रिम पोत्यात घालून दुकानात नेला आणि त्याच्याशी पट्टी लावून, चाकाची मधली रेघ जवळपास तिथेच येईल असे निवडले. आतल्या बाजूला पाऊण इंच वाढलं. पूर्ण वळवल्यावर लीफ स्प्रिंग आणि टायर यांच्यात दोन बोटं जागा राहते, घालून बघितली.

पाच घेतले. दादा म्हणाला स्टेपनी जुनी चालेल. चालत नाही. फोर व्हील टाकल्यावर पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, एक चाक उंच असेल तर कोरड्या रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर. त्याचं पोट फुटण्यापेक्षा पाचवा टायर स्वस्त.

चढवताना बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मुलगा पाना लावत होता तेव्हा म्हणाले, "डावीकडचे सरळच आहेत रे, उलटे नाहीत." त्यांच्या आधीच्या विलीजला डाव्या बाजूचे आटे उलटे होते, ते माहीत नसलेल्या एकानं बोल्टच तोडला होता. ही गोष्ट मी किमान वीस वेळा ऐकलीय. परवा एकविसाव्यांदा ऐकली, मधे न बोलता.

काम झालं. बाबांनी चपला काढून बाहेर ठेवल्या (जीपमध्ये ते अनवाणीच चालवतात), खळ्यात गाडी पूर्ण उजवीकडे वळवली, मग पूर्ण डावीकडे. एका हातानं. मी मोबाईल काढेपर्यंत थांबले नाहीत.

"शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळायचेत बाबा," मी ओरडलो.

"फाट्यापर्यंत शंभर होत नाहीत," म्हणाले, आणि पेपर आणायला गेले. चपला दारातच राहिल्या.