प्रक्षेप आणि वॉरंटी

गाडीच्या इंजिनालाही एक संहिता असते, हे आम्हां मराठी शिकवणाऱ्यांना तोरणमाळच्या वाटेवर कळले. डिझेल केव्हा आणि किती फवारायचे, टर्बोने हवा किती दाबाने भरायची, याचे तक्ते कंपनीने ‘ईसीयू’ नावाच्या छोट्या संगणकात लिहून ठेवलेले असतात. बाहेरचे कारागीर ते बदलून देतात. त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. आमच्या सहकाऱ्यांनी जुनी घेतलेली गाडी पहिल्या मालकाने अशी रिमॅप करवून घेतली होती. कंपनीच्या वॉरंटीची मुदत मात्र शिल्लक होती. शहाद्याहून निघून घाट चढताना गाडी शिट्टीसारखा आवाज काढू लागली आणि यशवंत तलाव दिसण्याआधीच तिचा जोर गेला.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. विरळ हवेत तोच दाब राखायला टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. अशा चढासाठी कंपनीने राखलेली सवड रिमॅपवाल्याने आधीच खर्चून टाकलेली असते. सेवाकेंद्राने टर्बोची वॉरंटी नाकारली, ते आम्हांला पटले. मूळ प्रत परत चढवली तरी अनेक ईसीयूंत फेरलेखनाची नोंद उरते (पाठचिकित्सकांना हेवा वाटावा अशी सोय!). पण त्याच कागदावर एसीच्या कूलिंग कॉइलची गळतीही नाकारलेली होती. तिचा या तक्त्यांशी संबंध काय?

शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करताना एकनाथांनी पदरची ओवी घालणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. कंपन्यांच्या वॉरंटी-पुस्तिकेचा सूर तोच आहे, आणि तो गैर नाही. मात्र महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत भांडारकर संस्थेच्या संपादकांनी प्रक्षिप्त श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. प्रक्षेप सापडला म्हणून अख्खे पर्व टाकून दिले नाही. अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्यामुळेच झाला, हे दाखवावे लागते. आपल्याकडे २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

सहकाऱ्यांनी तसा अर्ज लिहिला आहे. त्याचे शुद्धलेखन आम्ही तपासले. त्यात फक्त कॉइलची मागणी आहे; टर्बोचा परिच्छेद आमच्या आग्रहावरून, थोड्या वादानंतर, वगळला गेला.