चार खुंट्या, बारा दात

'एका दिवसात नवे दात!' अशा पाट्या हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतात. एका दिवसात डिलिव्हरी म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला आधी शंका येते. म्हणून शनिवारभर हेच वाचत बसलो.

गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते. 1952 च्या सुमारास ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण निघेचना. हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं! 1965 मध्ये त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. पण पुढची बरीच वर्षं रिवाज असा, की स्क्रू बसवा आणि तीन ते सहा महिने गप्प बसा.

1998 मध्ये पोर्तुगालच्या पाउलो मालोने चारच स्क्रूंवर अख्खी पंगत उभी केली. पुढचे दोन सरळ, मागचे दोन तिरके, 45 अंशांपर्यंत. तिरके का? दाढा गेल्या की तिथलं हाड झिजतं, आणि वर लगेच सायनसची पोकळी. तिरका स्क्रू ती चुकवून पुढच्या चांगल्या हाडात पकड घेतो. चारही एका कडक ब्रिजने बांधले की हलत नाहीत. हाड जुळेपर्यंत हलणं हाच खरा शत्रू.

पण त्या दिवशी मिळते ती बीटा आवृत्ती बरं का. अ‍ॅक्रिलिकचे तात्पुरते दात, काही आठवडे मऊ खाणं, आणि झिर्कोनियाचा पक्का ब्रिज काही महिन्यांनी.

हा सगळा उद्योग बाबांसाठी. वर सहा दात उरलेत, त्यातले दोन सुळे चांगले घट्ट. डॉक्टर म्हणतात, सगळे काढू. इथे माझं घोडं अडलं. काढलेल्या दाताला 'अनडू' नाही. चारांत बॅकअपही नाही, एक निकामी झाला तर अख्खा ब्रिज अडचणीत. शिवाय बाबांची शुगर चढलेली, ती जखम नीट भरू देत नाही. टायटॅनियम किडत नाही हे खरं, पण हिरडी सुजून त्याच्याभोवतीचं हाड झिजू शकतं.

बाबांना घाई आहे, आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. लोकांसमोर हसायचं त्यांनी सोडलंय. तरी आधी शुगर आटोक्यात आणायची, मग सुळ्यांबद्दल दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं, असं ठरलंय.

तुमच्याही घरी हा विषय निघाला तर एवढंच विचारा: एखादा स्क्रू गेला तर पुढे काय, आणि दर सहा महिन्यांची सफाई कोण करणार? किंमत त्यानंतर विचारा.